पैशाचे सोंग आणता येत नाही

धर्मप्रसाराच्या इतिहासात बाप्तिस्मे मोजलेले असतात, चर्चे मोजलेली असतात, हुतात्म्यांची नावे तर तारीखवार दिलेली असतात. पण हे धर्मप्रसारक ज्या घरात राहत, तिथे रोज किती माणसे जेवत, पाहुण्यापुढे काय ठेवावे लागे, नोकरचाकर किती होते आणि या साऱ्याचा पैसा कोठून येत असे, हे सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक कोणत्याही संस्थेचा खरा स्वभाव तिच्या घोषणांपेक्षा तिच्या खतावणीत अधिक स्पष्ट दिसतो. शाळेचा कारभार पाहणाऱ्या माणसाला तरी हे निराळे सांगायला नको. अनुदान कोण देतो यावर शाळेचे बरेच काही ठरत असते.

अशी एक खतावणी आज उलगडून पाहावयाची आहे. मिशन जपानमधले, पण त्याची नाळ आपल्या शेजारच्या गोव्यात पुरलेली. आपल्या सीमाभागातून कितीतरी कुटुंबे जुने गोवे पाहण्यास जातात, बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची शवपेटी पाहून परततात. त्याच झेवियरने 1549 साली जपानमध्ये या मिशनचा पाया घातला. पुढची 65 वर्षे ते उघडपणे चालले. इतका प्रामाणिक कष्टाचा आणि इतका ओढाताणीचा संसार त्या काळच्या मिशनांत क्वचितच आढळेल.

मिरीचे भांडवल

झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. पाच वर्षांनी मलाक्का येथे त्याला आंजिरो नावाचा जपानी माणूस भेटला. मायदेशी हातून खून झाल्यामुळे तो पळून आलेला होता. झेवियरने त्याला गोव्यास पाठवले. तिथे 1548 साली त्याचा बाप्तिस्मा झाला, सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. त्याच्याकडून जपानची माहिती मिळाल्यावर झेवियरला तिकडची ओढ लागली. एप्रिल 1549 मध्ये तो गोव्याहून निघाला आणि 15 ऑगस्टला कागोशिमा येथे उतरला. बरोबर आंजिरो होता आणि कोस्मे दे तोरेस व हुआन फर्नांदेस हे दोन सहकारी होते.

धर्मासाठी निघालेल्या या मंडळींच्या सामानात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. मलाक्काच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांना उत्तम प्रतीची 30 बहार मिरी दिली होती. ती विकून जपानमधला खर्च भागवायचा होता. म्हणजे या मिशनचे पहिले भांडवल नाण्यांत नसून मालात होते. पुढे जे काही झाले त्याचे बीज या मिरीच्या पोत्यांत होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सुरुवातीचा संसार मात्र अगदी साधा होता. कागोशिमाहून 5 नोव्हेंबर 1549 रोजी लिहिलेल्या पत्रात झेवियरने तिथल्या जेवणाविषयी लिहिले आहे. लोक घरी पाळलेले जनावर मारून खात नाहीत. भात, भाजीपाला आणि कधीमधी मासळी एवढ्यावर राहतात, आणि तरीही त्यांची प्रकृती उत्तम असते, याचे त्याला नवल वाटले. या आहारावर खर्च तो काय होणार! पण खर्चाचे खरे कारण पोट नव्हतेच.

1551 च्या कडक हिवाळ्यात झेवियर फाटक्या वस्त्रांनी, पायी प्रवास करीत क्योतोला गेला. सम्राटाची भेट घ्यावी ही इच्छा. पण हाती नजराणा नाही आणि अंगावर धड कपडा नाही, अशा माणसाला राजवाड्याच्या दारात कोण उभे करणार? अकरा दिवसांनी तो रिकाम्या हाताने परतला. नंतर यामागुचीच्या सरदारापुढे जाताना त्याने आपला वेष बदलला. चांगली वस्त्रे घातली, गोव्याच्या गव्हर्नरचे आणि बिशपचे पत्र पुढे ठेवले. घड्याळ, चष्मा, बंदूक असा नजराणा दिला. सरदाराने त्याला धर्मोपदेशाची परवानगी दिली आणि राहण्यास एक रिकामा मठही दिला. युरोपात पाद्र्याचे दारिद्र्य हे त्याचे भूषण मानले जाई. जपानमध्ये तेच त्याच्या आड आले. आपल्याकडे ‘देश तसा वेश’ म्हणतात, परंतु वेशाला पैसे पडतात हे म्हणीत सांगितलेले नाही.

व्यापारी वैद्य आणि रेशमाचे जहाज

झेवियर 1551 च्या अखेरीस जपानहून निघाला आणि 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारला. मागे राहिलेल्या तोरेसने मोठ्या काटकसरीने कारभार चालवला. 1556 साली त्यांना लुईश द आल्मेदा नावाचा एक माणूस येऊन मिळाला. हा लिस्बनचा परवानाधारक शल्यवैद्य, पण पेशाने व्यापारी. फुनाई (आजचे ओइता) येथे त्याने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. त्या काळी दारिद्र्याने गांजलेले आईबाप नवजात मूल मारून टाकीत, ते पाहून त्याचे मन हेलावले होते. मुलांच्या दुधासाठी दाया ठेवल्या, गाईही ठेवल्या. पाठोपाठ 1557 मध्ये रुग्णालय उभे राहिले. पाश्चात्त्य शल्यचिकित्सेचा जपानमधील आरंभ या रुग्णालयापासून मानतात.

जेझुइट संघात येताना आल्मेदाने आपली चार-पाच हजार क्रुझादोंची पुंजी संघाला दिली. ही रक्कम पेटीत ठेवून खर्च केली असती तर थोड्याच वर्षांत संपली असती. म्हणून ती मकावच्या रेशीम व्यापारात गुंतवली गेली. या व्यापाराची रचना समजून घेणे आवश्यक आहे. चीनच्या मिंग सम्राटांनी आपल्या प्रजेला जपानशी व्यापार करण्यास मनाई केली होती. जपानला चिनी रेशीम हवे होते आणि जपानच्या खाणींत चांदी विपुल होती. दोघांमध्ये तिसरा हवा होता, ती जागा पोर्तुगिजांनी घेतली. 1557 च्या सुमारास मकाव येथे त्यांची वसाहत झाली. तिथून वर्षाकाठी एक मोठे जहाज नैर्ऋत्य वाऱ्यावर रेशीम घेऊन जपानला जाई आणि वारा फिरला की चांदी घेऊन परते. 1571 पासून हे जहाज नागासाकीस येऊ लागले. त्याआधी तो एक लहानसा मासेमारीचा किनारा होता.

जहाज कोणत्या बंदरात यावे यात पाद्र्यांचा शब्द चाले, कारण भाषा जाणणारे मध्यस्थ तेच. क्यूशू बेटावरच्या सरदारांना जहाज हवे असे, म्हणून पाद्रीही हवे असत. ओमुरा सुमितादा याने 1563 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1580 मध्ये नागासाकी बंदरच जेझुइटांच्या स्वाधीन केले. त्याची श्रद्धा किती आणि व्यवहार किती, हे आज ठरवणे व्यर्थ आहे. माणसाच्या मनात दोन्ही एकाच वेळी नांदू शकतात.

चहाची खोली

1579 मध्ये आलेसांद्रो व्हालिन्यानो हा इटालियन जेझुइट पूर्वेकडील मिशनांचा निरीक्षक म्हणून जपानला पोहोचला. पाच वर्षांपूर्वी तो प्रथम गोव्यास आला होता. त्याला जपानमधली मिशनची घरे अडचणीत दिसली. तेथील प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल कडक शिस्तीचा, दारिद्र्यव्रताचा कट्टर पुरस्कर्ता. 1570 मध्ये येताच त्याने पाद्र्यांची रेशमी वस्त्रे बंद केली. एवढ्याने कोणी रागावले नसते. पण तो जपानी माणसांना कमी लेखी, त्यांनी पाद्रीपदाला चढू नये असे त्याचे मत, आणि घरातली रीत पोर्तुगीज ठेवण्याचा त्याचा आग्रह. मेजावरचे मळके कापड, हाताने खाणे, दाराशी पाळलेली डुकरे आणि बकऱ्या, वाळत घातलेली कातडी, हे पाहून भेटीस येणारा जपानी गृहस्थ नाक मुरडून परत जाई.

व्हालिन्यानोने काब्रालला पदावरून दूर केले आणि 1581 च्या सुमारास घरातल्या वर्तनाचे सविस्तर नियम लिहिले. हे नियम वाचले की एखाद्या वडीलधाऱ्या आत्याबाईने नव्या सुनेला सासरची रीत समजावून द्यावी तसे वाटते. घर जपानी पद्धतीचे असावे, पाहुण्यांसाठी स्वच्छ बैठकीची खोली असावी. प्रत्येक घरात चहाची वेगळी जागा असावी आणि चहा करणे जाणणारा माणूस तिथे कायम हजर असावा. कोण आले तर कोणत्या प्रतीचा चहा द्यायचा, मद्याचा प्याला कसा घ्यायचा व कसा परत करायचा, कोणाला दारापर्यंत पोहोचवायचे आणि कोणाला पायरीपर्यंत, हे सारे ठरलेले. घरात डुकरे, बकऱ्या पाळावयाच्या नाहीत, कातडी वाळवावयाची नाहीत. जेवण जपानी पद्धतीने, बुटक्या चौरंगावर. पाद्र्यांच्या दर्जाची उतरंडसुद्धा झेन मठांतील भिक्षूंच्या उतरंडीवर बेतलेली होती.

भेटवस्तूंचा प्रश्न तर कधी न संपणारा. रिकाम्या हाताने कोणाकडे जाणे ही जपानमध्ये असभ्यता. आलेल्या भेटीची परतफेड करावी लागे आणि ती देणाऱ्याच्या मानाप्रमाणे व्हावी लागे. लुईश फ्रोइश हा गोव्यात शिकलेला पाद्री 1569 मध्ये ओदा नोबुनागास भेटला, तेव्हा त्याने मोठा आरसा, मोराचे पीस, बंगालचा वेत आणि काळी मखमली टोपी असा नजराणा नेला होता. नोबुनागाने फक्त टोपी ठेवून घेतली, बाकीचे परत केले. पुढे घड्याळ दाखवले तेव्हा त्याने कौतुक केले, पण बिघडल्यास दुरुस्त कोण करणार म्हणून तेही परत दिले. असा पाहुणा विरळा! सगळेच काही नोबुनागासारखे परत देणारे नव्हते.

1580 पासून शाळांचा खर्च आला. अरिमा आणि आझुची येथे सरदारांच्या मुलांसाठी विद्यालये निघाली. पहाटे साडेचारला उठणे, प्रार्थना, लॅटिन, जपानी वाचन-लेखन, गायन-वादन, पुन्हा लॅटिन आणि रात्री आठच्या सुमारास निजणे, अशी दिनचर्या होती. मुले निवासी, जेवण, कपडे, पुस्तके, शिक्षक सारे मिशनचे. उसुकी येथे नवदीक्षितांसाठी घर आणि फुनाईस कॉलेज निघाले ते वेगळेच.

ताळमेळ

आता जमेची आणि खर्चाची बाजू समोरासमोर ठेवू. 1579 मध्ये जपानमध्ये सुमारे 55 जेझुइट होते. तीन वर्षांत ते 75 झाले. पण घरात फक्त जेझुइट राहत नसत. ‘दोजुकु’ नावाचे जपानी सहायक होते. प्रवचन देणे, दुभाष्याचे काम, चहा, आजाऱ्याची सेवा ही सारी त्यांची कामे. शिवाय विद्यार्थी, स्वयंपाकी, होडीवाले, निरोपे आणि आश्रयास आलेली माणसे. 1583 च्या आसपास मिशनला 500 हून अधिक माणसे पोसावी लागत. व्हालिन्यानोच्या अंदाजाने वर्षाचा खर्च 10 ते 12 हजार डुकाट होता.

जमेला काय होते? पोर्तुगालच्या राजाने मलाक्काच्या जकातीतून लावून दिलेली लहानशी रक्कम होती, ती बऱ्याचदा थकलेली असे. वसईच्या परिसरात घेतलेल्या जमिनींचे थोडे उत्पन्न होते. आपल्याकडच्या कोकणातल्या भातखाचरांचा पैसा जपानच्या पाद्र्यांच्या चहावर खर्च होत होता, ही गोष्ट किती वाचकांना ठाऊक असेल? पोप तेरावा ग्रेगरी याने 1583 मध्ये वर्षाला 4000 डुकाट मंजूर केले आणि पुढच्या पोपने ते 6000 केले. पण मंजुरी वेगळी आणि हाती पैसा वेगळा, हे सरकारी खात्याशी संबंध आलेल्या कोणालाही सांगायला नको. रोमहून निघालेली रक्कम लिस्बन, गोवा, मलाक्का, मकाव असे करीत नागासाकीस पोहोचायची. वाटेत जहाज बुडे, पैसा दुसऱ्याच कामाला लागे, किंवा नुसताच अडून राही. पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत कित्येक वर्षे जात.

उरले रेशीम. व्हालिन्यानोने मकावच्या व्यापाऱ्यांशी करार करून वार्षिक जहाजातल्या रेशमात मिशनचा ठरावीक वाटा मिळवला. 1584 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने त्याला मान्यता दिली. यातून वर्षाला चार ते सहा हजार डुकाट सुटत. नागासाकीतला ‘प्रोक्युरेटर’ हा मिशनचा कारभारी पाद्री एकाच वेळी प्रार्थनाही म्हणे आणि रेशमाचे गठ्ठेही मोजे. रोममधल्या वरिष्ठांना हे आवडत नव्हते. पुढे आलेल्या फ्रान्सिस्कन साधूंनी तर उघड टीका केली. काब्राल 1592 पासून काही वर्षे गोव्यात संघाचा प्रांतप्रमुख होता. त्याचाही या उधळपट्टीवर रोष होता. व्हालिन्यानोलाही व्यापार मनापासून नको होता. पण तो बंद करायचा तर पाचशे तोंडांना दुसरे कोण खायला घालणार, या प्रश्नाला टीकाकारांपैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही.

मदत मागण्यासाठीच त्याने 1582 मध्ये चार जपानी मुलांना युरोपास पाठवले. नोव्हेंबर 1583 मध्ये ती गोव्यास आली, 1585 मध्ये रोमला पोहोचली, परतताना पुन्हा गोव्यात थांबली. त्यांपैकी मार्तिन्यो हारा याने 1587 मध्ये गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केले, ते पुढच्या वर्षी तिथेच छापले गेले. मुलांबरोबर एक छापखाना 1590 मध्ये जपानला पोहोचला. गोव्याच्या व्हाइसरॉयने हिदेयोशीला लिहिलेले 1588 चे चित्रांकित पत्र क्योतोच्या एका मठात आजही जपून ठेवलेले आहे. त्यासोबत अरबी घोडे, तलवारी आणि चिलखते पाठवली होती. वाटेत एक घोडा मेला. नजराण्याचा खर्च असा चार पायांवरही जाई.

साष्टी आणि नागासाकी

इथे क्षणभर गोव्याकडे वळून पाहणे भाग आहे, कारण एकाच संघाची ही दोन तोंडे आहेत. गोव्याच्या साष्टी प्रांतात जेझुइटांच्या हाती मिशन होते आणि पाठीशी पोर्तुगीज सैन्य होते. 1567 मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने ठेवलेली शेते पाद्र्यांचा खर्च चालवू लागली. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि नंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना कपटाने मारण्यात आले, ही कथा गोव्यात अजून सांगितली जाते. जपानी मुले गोव्यात पोहोचली ती या घटनेनंतर अवघ्या चार महिन्यांनी.

साष्टीतल्या पाद्र्याने चहाची खोली बांधली नाही. त्याला गावकऱ्यांच्या रीतीची मनधरणी करण्याची गरज नव्हती, कारण त्याचा खर्च सत्ता भागवीत होती. नागासाकीतल्या पाद्र्याच्या मागे फौज नव्हती, म्हणून त्याने डुकरे दूर केली, बुटक्या चौरंगाशी मांडी घातली आणि परक्यांची भाषा कसून शिकली. त्यांच्या छापखान्यात 1592 मध्ये जपानी युद्धकथा रोमन लिपीत छापली गेली. 1616 मध्ये रायतूरला फादर स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ही रोमन लिपीतच छापले गेले. भाषेचे प्रेम दोन्हीकडे होते, विद्वत्ताही होती. पण स्टीफन्ससारख्या थोर माणसाच्या पाठीमागेही पाडलेल्या देवळांची जमीन होती, हे विसरता येत नाही. माणूस किती नम्र होईल हे त्याच्या स्वभावापेक्षा कधीकधी तो कोणाचा मिंधा आहे यावर ठरते.

जहाज बुडते तेव्हा

एका जहाजावर बेतलेला संसार किती डळमळीत असतो, हे पुढच्या वर्षांनी दाखवले. 1573 मध्येच ते वार्षिक जहाज जपानच्या किनाऱ्यापाशी वादळात बुडाले होते. 1582 मध्ये नोबुनागा मारला गेला, आझुची जळाले, तिथले विद्यालय गेले. 1586-87 च्या युद्धात फुनाई आणि उसुकीची घरे उद्ध्वस्त झाली. जुलै 1587 मध्ये हिदेयोशीने पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि नागासाकी आपल्या ताब्यात घेतली. हुकूम काटेकोरपणे अमलात आला नाही, कारण त्यालाही जहाज हवे होते. पण माणसे लपवणे, विद्यालये इकडून तिकडे हलवणे आणि नवे नजराणे यांनी खर्च मात्र वाढतच गेला.

1603 मध्ये डचांनी मकावपाशी जपानला निघालेले मालाने भरलेले जहाज पकडले. वर्षाचे उत्पन्न एका दिवसात गेले. तेव्हा मदतीला कोण धावून आले? नवा शोगुन तोकुगावा इएयासू. त्याने मिशनला 350 ताएल देणगी आणि 5000 ताएल कर्जाऊ दिले. श्रद्धेने नव्हे, रेशीम आणणाऱ्या मध्यस्थांची त्याला अजून गरज होती. जानेवारी 1610 मध्ये नागासाकीच्या खाडीत पोर्तुगीज कप्तानाने जपान्यांच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःचेच जहाज दारूगोळ्याने उडवून दिले, त्यातही मिशनचे रेशीम बुडाले. याच सुमारास, 1609 पासून, डच व्यापारी हिरादोला स्थिरावले होते. जपानची स्वतःची परवानाधारक जहाजेही दक्षिणेकडे जाऊ लागली होती. आता रेशीम पाद्र्यांवाचूनही मिळणार होते.

गरज सरली. 1614 मध्ये त्याच इएयासूच्या राजवटीत सर्व पाद्र्यांना हद्दपार करणारा हुकूम निघाला. हे लोक नुसता व्यापार करण्यास येत नाहीत, राज्यच उलथू पाहतात, असा त्यात आरोप होता. छापखाना मकावला परत गेला. लपून राहिलेल्या पाद्र्यांचा आणि त्यांना आसरा देणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचा अतोनात छळ झाला. रोमला गेलेल्या चार मुलांपैकी नाकाउरा जुलियन 1633 मध्ये नागासाकीत हाल हाल होऊन मेला. 1639 मध्ये पोर्तुगीज जहाजांना जपान कायमचे बंद झाले.

आणि तरीही एक गोष्ट कोणत्याही हिशेबात बसली नाही. क्यूशूच्या खेड्यांत आणि बेटांवर काही कुटुंबांनी पाद्री नसताना, चर्च नसताना, अनुदान नसताना, दोनशेहून अधिक वर्षे तो धर्म गुपचूप जपला. आईने मुलाला कानात सांगावे अशा रीतीने प्रार्थना पुढे गेल्या. 1865 मध्ये नागासाकीत नव्या चर्चमध्ये उराकामीच्या काही खेडुतांनी फ्रेंच पाद्र्याला आपली ओळख दिली, तेव्हा जगाला हे कळले. रेशमाच्या नफ्यावर उभे राहिलेले सारे कोसळले होते. ज्याला खर्चच नव्हता तेवढे टिकले होते.

मोठमोठ्या संस्थांचे आश्रयदाते बदलतात, अनुदाने थांबतात, जहाजे बुडतात. दुभाषिक मुलखात राहून घरात मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही. शाळा हव्यात, ग्रंथालये हवीत, त्यांना पैसाही हवा. पण जे शेवटपर्यंत टिकायचे, ते चुलीपाशी बसून मुलांशी बोलले गेलेले असावे लागते.